कंपोझिशनच्या वर्गातले धक्के

संगीत शिकवून कान तयार होतात म्हणे. माझं तर काळीजच तयार झालंय! विरारच्या एका कॉलेजात मी थिअरी आणि कंपोझिशन शिकवतो. एक धक्का स्टाफरूममध्ये सांगून होत नाही, तोवर वर्गात पुढचा तयार असतो.

*

पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा. नालासोपाऱ्याच्या प्रथमेशला विचारलं, "कोमल रे म्हणजे काय?"

"जो रे हळू आवाजात म्हणायचा तो, सर."

"आणि तीव्र म?"

तो त्याने असा काही ओरडून दाखवला, की बाहेरचा शिपाई आत धावत आला!

*

मेल्विन चर्चच्या क्वायरमधला. चार आवाजांत गायची सवय. त्याला पहिल्यांदाच रागाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. बराच वेळ वाट बघून तो म्हणाला, "सर, बाकीचे कधी गाणार?"

"बाकीचे नसतातच रे. हे एकटेच गातात."

मेल्विन हादरला. "तासभर? आणि कोणीच आलं नाही?"

*

चंदनसारच्या श्रुतीने चाल बांधून आणली. इतकी सफाईदार, की मला शंका आली. "ही ॲपने केली ना?"

"नाही सर, मीच केली."

"खरं सांग."

"मग ॲपला सांगितलं कोणी?"

वर तीच मला धीर देत म्हणाली, "तुम्ही पण करून बघा सर, सोपं आहे!"

*

त्यानंतर मी सगळ्यांवरच संशय घ्यायला लागलो.

पाचूबंदरची दक्षता वर्गात कधी तोंड उघडायची नाही. गॅदरिंगच्या रिहर्सलला तिने स्वतः बांधलेली चाल गायली. शब्द नाहीत, नुसती चाल. अंतऱ्यात एक वळण असं, की अंगावर काटा आला. मी दरडावलं, "कुठून उचललीस?"

तिचे डोळे भरले. "आईशपथ सर, माझीच हाय!"

गॅदरिंगला तिची आई बाजारातून मासळी विकून थेट आली आणि पुढेच बसली. दक्षताने मुखडा गायला. ती अंतरा उचलणार, तेवढ्यात आई उभी राहिली आणि तेच वळण गाऊ लागली! दक्षताचा सूरच थांबला. ती आईकडे बघतच राहिली.

नंतर मी आईला गाठलं. "मावशी, दक्षताने घरी ऐकवली होती का ही चाल?"

"नाय ओ. ही माजीच. ही पोर पोटात व्हती तवा मी गुनगुनायचे."

"मग हिला शिकवलीत कधी?"

"शिकवीन कशी? हिच्या जन्माआधीच हिचा बापूस दर्यात गेला, तो आलाच नाय. त्या दिसापासून मी गायलेच नाय."