वांगं जांभळं दिसलं पाहिजे

सुगत गेल्याचं मला एका फोटोतून कळलं, आणि तो फोटो मी ओळखलाच नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मोबाइल उघडला, तर कॉलेजच्या ग्रुपवर एका फ्लेक्सचं चित्र येऊन पडलं होतं. कडेने निळी किनार, खाली मेणबत्ती, वर ‘भावपूर्ण आदरांजली’ आणि मधोमध एक गोरापान, गुळगुळीत चेहऱ्याचा गृहस्थ. असतील कुणाचे तरी नातेवाईक, असं म्हणून मी पुढे सरकले. मग खालचं नाव डोक्यात शिरलं... पुन्हा वर गेले. चष्मा त्याचा होता, भांग त्याचा होता. ओठावरचा तीळ मात्र गुळगुळीत करण्याच्या नादात पुसला गेला होता, आणि रंग तर दुसऱ्याच कुणाचा होता. रडू नंतर आलं, आधी संताप आला. माणसाचा रंग कॅमेऱ्यात जसाच्या तसा उतरावा म्हणून ज्याने वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं, त्याला जाताजाता फ्लेक्सवाल्याने गोरा करून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून घरी आला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं, हे मला नंतर फोनवर कळलं.

सुगत माझा कॉलेजपासूनचा मित्र. खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला. वडील कारखान्यात होते, हा पुढे सरकारी खात्यात आरेखक झाला. वडिलांमागे क्वार्टर सुटली, पण खडकी काही सुटली नाही. स्टेशनच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन तो, त्याची बायको प्रज्ञा आणि आई तिथेच राहिले. मी व्हिडिओ एडिटिंग शिकवते, म्हणून तो मला ‘मॅडम’ म्हणायचा. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मिळून एक यूट्यूब चॅनेल चालवायचो. विषय एकच... लेन्स बदलता येणारे, परवडणारे कॅमेरे, आणि त्यांतल्या कुठल्या कॅमेऱ्याने सिनेमासारखं चित्रण करता येतं याची तुलना. परवडणारा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की सुगत सांगायचा, “जो घरी आणल्यावर दोन दिवसांत बायको बोलायला लागते, तो परवडणारा.” प्रज्ञा हे आतल्या खोलीतून ऐकत असायची.

या वेडाचं मूळ त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये होतं. प्रज्ञा सावळी, सुगत काळा. स्टुडिओवाल्याने अल्बम आणि व्हिडिओ दोन्हींत नवरा-नवरीचे चेहरे असे उजळले होते, की हात आणि चेहरा एकाच माणसाचे आहेत असं वाटू नये. सुगतने अल्बम परत नेऊन दाखवला, तर तो माणूस म्हणाला, “साहेब, याचे आम्ही वेगळे पैसे लावत नाही.” हा किस्सा सुगत हसत हसत सांगायचा. पण प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर चष्मा काढून पुसायचा. आपल्या आईवर एक छोटी फिल्म करायची हे त्याने तेव्हाच ठरवलं. आईंनी उमेदीची सगळी वर्षं खडकी बाजारात भाजी विकली. तिथल्या कहाण्या त्यांच्या तोंडून ऐकाव्यात, आणि ऐकताना त्यांचा चेहरा दिसावा तो त्यांचाच, एवढीच त्याची अट होती. आता अशा फिल्मसाठी कॅमेरा कुठला घ्यायचा, या प्रश्नापासून आमची तुलना सुरू झाली.

बाकीचे लोक कॅमेऱ्याची परीक्षा घेताना स्लो मोशन बघतात, अंधारात चित्र किती फुटतं ते बघतात, माणसामागची झाडं किती धूसर होतात ते बघतात. सुगतही हे सगळं करायचा, प्रामाणिकपणे करायचा. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा उन्हात गरम होऊन मधेच बंद पडला, तर तेही तसंच दाखवायचा. पण त्याची खरी परीक्षा वेगळी होती. आदल्या दिवशी तो मंडईत जाऊन दोन-चार ताजी, चकचकीत वांगी आणायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आई खिडकीशेजारच्या खुर्चीत बसायच्या, मांडीवर ताट, ताटात वांगी. मग सुगत करड्या रंगाचं एक कार्ड त्यांच्या गालाशी धरायचा, म्हणजे कॅमेऱ्याला त्या खोलीतल्या उजेडाचा रंग समजतो, आणि चित्रीकरण सुरू व्हायचं. वांग्याचा जांभळा कॅमेऱ्याला सहसा झेपत नाही, हे त्याने फार लवकर हेरलं होतं. कुठे वांगी निळी येतात, कुठे नुसती काळी. “वांगं जांभळं दिसलं पाहिजे. ते जमलं तर मग आईकडे बघू,” हा त्याचा नियम होता. चेहऱ्याच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात, आपल्याला हवं ते बघतात, पण वांग्याशी आपलं काही नातं नसतं, असं त्याचं म्हणणं. परीक्षा संपली की आई तीच वांगी भरून करायच्या. कॅमेरा पास होवो की नापास, मी दर वेळी जेवूनच घरी आले.

पुष्कळसे कॅमेरे नापास व्हायचे. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने चालवला की त्याला काळा चेहरा म्हणजे उजेड कमी पडलाय असंच वाटतं. तो उजेड वाढवतो, मागची खिडकी पांढरीफटक होते आणि चेहऱ्यावर राख फासल्यासारखी कळा येते. मग सुगत सगळं स्वतःच्या हातात घ्यायचा, उजेड, रंग, फोकस, सगळं. एकदा आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून एका नव्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसची परीक्षा घेतली. चेहरा ओळखून त्याच्यावर टिकून राहतो अशी त्या कॅमेऱ्याची फार ख्याती होती. पडद्यावरची फोकसची चौकट माझ्या गोऱ्या चेहऱ्यावर जी बसली ती बसली. सुगत बोलत होता तरी माझ्यावर, मी मान फिरवली तरी माझ्यावर. त्याने चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाला, “मॅडम, हासुद्धा तुमच्याकडेच बघतोय.” मी हसले. तोही हसला. तो भाग आम्ही व्हिडिओत ठेवला, काही न छाटता.

अखेर एक वापरलेला, जुनाट, दिसायला ठोकळ्यासारखा कॅमेरा हाती लागला. सेन्सर लहान, ऑटोफोकस जवळपास नाहीच, त्यावर अडॅप्टरने बसवलेली हाताने फिरवायची जुनी लेन्स. त्यात वांगं जांभळं आलं. सुगतने टीव्हीला वायर जोडली, आईंना पुढ्यात बसवलं. आईंची भाषा अजून गावाकडची. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “येवढी काळी हाय व्हय मी?”

“आहेस तशीच दिसतेस, आई.”

“मग हाय त्याच्यापेक्षा वाईच कमी दाव की.”

सुगत इतका हसला, की त्याला ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर आईंनी प्रज्ञाकडून टीव्ही लावून घेतला आणि स्वतःला पुन्हा बघितलं, दोनदा. हे प्रज्ञाने मला सांगितलं. व्हिडिओखाली लोक लिहायचे, दादा, आजींचा चेहरा जरा ब्राइट करा. सुगत प्रत्येकाला न चुकता एकच उत्तर द्यायचा: “आजी अशाच आहेत, आपण पडद्याचा ब्राइटनेस वाढवून बघावा.”

फिल्म झाली नाही. हे सरळच लिहिते. कॅमेरा मिळाल्यावर आता सुरू कर, असं मी त्याला नाना प्रकारे सांगितलं, एकदोनदा भांडलेसुद्धा. त्याचं ठरलेलं उत्तर होतं, “आधी बघू.” मग आवाजाची चाचणी, मग वेगळी लेन्स, मग पावसाळी उजेड, मग बाजारात नवा कॅमेरा आलाय तर त्याचीही एक तुलना. तो गेल्यावर भेटायला आलेलं कुणीतरी म्हणालं, या चाचण्या हीच त्याची फिल्म. मला ते पटत नाही. माणूस गेल्यावर त्याचं राहून गेलेलं असं गोड करून घेऊ नये. त्याला फिल्म करायची होती, आई बोलायला तयार होत्या, आणि ती राहिली. त्याचा मला आजही राग येतो, आणि राग काढायला तो समोर नाही याचा त्याहून जास्त येतो.

मी भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत, टेबलावर बुद्धमूर्तीशेजारी, फ्लेक्सवरचाच फोटो चौकटीत घालून ठेवला होता. नातेवाइकांनी घाईघाईत केलेला, त्यांचा तरी काय दोष. समोर मेणबत्ती, पांढरी फुलं. आई खिडकीशेजारच्या त्याच खुर्चीत होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, आकार कळतात, रंग धुरकट. मी जवळ बसले तशी त्यांनी माझा हात धरला आणि टेबलाकडे मान करून हळू आवाजात विचारलं, “ह्यो कोण ठेवलाय गं तिथं?” प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मी निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “ताई, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे येतील. तोवर त्याचा एक खरा फोटो मिळेल का? आईंना रोज तो परका माणूस दिसतोय... माझ्या मोबाइलमधल्या फोटोंत तो एकतर पाठमोरा आहे, नाहीतर फोनने आपणहून उजळलेला.”

मिळेल, असं मी ठामपणे सांगितलं. आमच्या सगळ्या चाचण्यांचं चित्रीकरण माझ्या हार्ड डिस्कांवर आहे, त्यात त्याचा फोटो नसेल असं होईल कसं? पण झालं तसंच. आई होत्या, मी होते, मंडईतल्या पिवळ्या दिव्यांखालचे टोमॅटो होते, कात्रजच्या तळ्यावरची संध्याकाळ होती. सुगत कुठेच नव्हता. त्याचा आवाज होता, “आई, इकडे बघ,” म्हणणारा. प्रत्येक चित्रीकरणाच्या सुरुवातीला करडं कार्ड धरलेला त्याचा हात होता, मनगटापर्यंत. मी आणि तो शेजारी बसलो होतो त्या चित्रणात तो होता, पण कॅमेऱ्याने त्याला धूसर करून ठेवलेलं. एकटीने बसून ते सगळं बघताना पहिल्यांदा माझा धीर सुटला. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचा रंग सांभाळला, त्याचा रंग कुणीच सांभाळला नव्हता.

सापडला तो त्या ठोकळ्या कॅमेऱ्याच्या एका चाचणीत. त्या दिवशी आई कंटाळल्या होत्या. “रोज मीच का म्हून? आज तू बस,” असा त्यांचा आवाज येतो. सुगत खुर्चीच्या पाठीवर फोकस लावून, आईंना बटण दाखवून, स्वतः जाऊन बसतो. कार्ड गालाशी धरतो, बाजूला ठेवतो, आणि नियम म्हणजे नियम, ताटातलं एक वांगं उचलून छातीशी धरतो. आईंनी कॅमेरा वाकडा केलाय, त्याच्या डोक्याचा वरचा भाग कापला गेलाय. तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याच्या जरा वर, आईंकडे बघतोय, आणि हसू दाबतोय. ओठावर तीळ आहे. चेहरा काळा आहे, खिडकीकडच्या गालावर उजेड आहे... आणि वांगं जांभळं आहे.

ती एक फ्रेम काढून मी छापायला दिली. स्टुडिओतल्या मुलीने प्रिंट समोर ठेवली, आणि चेहऱ्याकडे नीट बघवेना म्हणून माझी नजर आधी वांग्याकडे गेली. ते निळसर, फिकट झालं होतं. “चेहरा उजळलाय का तुम्ही?” मी विचारलं. “थोडासाच, मॅडम. सगळ्यांनाच करतो आम्ही.” मी म्हटलं, “मग आम्हाला वगळून सगळ्यांना करा.” तिने दुसरी प्रिंट काढली. ती घेऊन खडकीला गेले तर सुगतचे एक काका म्हणाले, फोटो छान आहे, पण कार्यक्रमात वांगं कसं दिसेल, खालून कापून घेऊ. मी तोंड उघडायच्या आत प्रज्ञा म्हणाली, “राहू द्या, काका. ते असलं म्हणजे फोटो खरा आहे हे कळतं.”

आधीचा फोटो उचलून आम्ही हा टेबलावर ठेवला. प्रज्ञाने मेणबत्ती जरा बाजूला सरकवली, काचेवर चमक येऊ नये म्हणून. आई खुर्चीतून उठून भिंतीच्या आधाराने टेबलापर्यंत आल्या, काचेवर हात ठेवला आणि अगदी जवळ वाकून बघितलं. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “वांगं कसं दिसतंय गं?”

“जांभळं,” मी म्हटलं.

“मग त्योच हाय,” आई म्हणाल्या, आणि पदराने काच पुसायला लागल्या.