वहीत नसलेला गोल

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, याच्या पायाला जन्मतःच भिंगरी लागलीय. फुटबॉलला असे पाय बरे, असं कुणालाही वाटेल. पण माझे पाय नुसते हलायचे, चेंडू त्यांना कधी सापडला नाही. म्हणून कारखान्याच्या फुटबॉल क्लबात मला खेळायला नाही, लिहायला घेतलं.

जबलपूरच्या दारूगोळ्याच्या एका कारखान्यात मी तेव्हा हंगामी कारकून होतो. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच कारखान्यात कायम नोकरीला. कागदावर तो कामगार होता, पण त्याला घेतलं होतं ते फुटबॉलसाठी. तेव्हा खेळणाऱ्यांची भरती अशीच व्हायची. पगार कारखान्याचा, सकाळी सराव, मग हजेरीपुरतं काम आणि पावसाळाभर सामने. दादा फुलबॅक होता. आडदांड, शांत आणि अंगावर आलेला माणूस अलगद बाजूला सारणारा. इतकी वर्षं खेळून त्यानं एकही गोल केला नव्हता. मी चिडवायचो, "तुझ्या नावापुढचा रकाना रिकामाच राहणार." तो म्हणायचा, "छोटे, गोल वाचवल्याचा रकाना काढ ना मग." असा रकाना वहीत नव्हता.

वही म्हणजे क्लबाचा सगळा इतिहास. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाडजूड. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क, सगळे त्यांना बडेबाबू म्हणत, क्लबाचे सेक्रेटरी होते आणि वहीचा नियम त्यांचाच. सामना संपला की खेळाडूंनी बूट सोडायच्या आत नोंद झाली पाहिजे. मैदानावरच, शाईनं, खाली पंचाची सही. नंतर आठवून एक अक्षर लिहायचं नाही. पूर्वी म्हणे चहाच्या टपरीवर एका गोलाचे तीन गोल व्हायचे. "वहीत नाही तो सामना झालाच नाही," असं बडेबाबू बजावून सांगायचे. मी हा नियम प्राणापलीकडे पाळला, कारण माझ्याकडे पाळण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

क्लबाचा एक अभिमान होता. रेल्वेच्या संघाशी दर पावसाळ्यात एक सामना व्हायचा आणि क्लब निघाल्यापासून तो एकाही वर्षी चुकला नव्हता. दरवर्षीचं पान वहीत होतं.

मग पासष्ट साल आलं. लढाई लागली आणि कारखान्याचं रूप पालटलं. बारा बारा तासांच्या पाळ्या लागल्या. आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या खिडक्यांना आईनं काळे कागद चिकटवले. फुटबॉलवाल्यांचे लाड संपले, सगळ्यांना थेट कामावर जुंपलं. दादाला दारू भरण्याच्या विभागात टाकलं. मैदानात हवाई हल्ल्यापासून आडोसा म्हणून खंदक खणले, एक गोलपोस्ट तर खंदकाच्या पलीकडे गेला. मला त्या दिवसांत झोप नाही, जेवण गोड लागत नाही, रेडिओ सोडवत नाही, रेडिओपाशी बसवतही नाही, असं झालं होतं. आणि खरं सांगायचं तर देशाच्या काळजीइतकीच मला वहीची काळजी होती. रेल्वेचा सामना झाला नव्हता. पान कोरं राहणार होतं.

मी बडेबाबूंच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "चलो, दुपारच्या सुट्टीत खेळा. उरलेल्या मैदानावर. पण भोंग्याच्या आत सगळे परत पायजेत." म्हणजे तो सामना झाला तो माझ्या हट्टामुळे. हे आधीच सांगून टाकतो.

बुधवारी दुपारी बाराच्या भोंग्याला दोन्ही संघ जमले. रेल्वेचे लोक स्पेशल गाड्यांच्या ड्युटीवरून तसेच आले होते, पंच म्हणून त्यांचाच एक गार्ड होता. पंचवीस पंचवीस मिनिटांचा सामना. मैदान ओलं, कुणाला धड पळता येईना. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा शून्य शून्य होतं आणि मी वही छातीशी धरून रेषेवर येरझारा घालत होतो.

तेवढ्यात दादाचा डावा बूट फाटला. त्या वेळी बुटांच्या तळाला चामड्याच्या जाड चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या असत, त्यांना स्टड म्हणायचे. एका स्टडला तीन खिळे. दादाचा एक स्टड निघून लोंबायला लागला. त्यानं बूट उपसून माझ्याकडे फेकला आणि नुसत्या मोज्यावर खेळायला लागला. मी बूट उचलून पाहिला. स्टडमध्ये दोनच खिळे होते. मी ओरडलो, "दादा, एक खिळा नाहीये!" त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, कारण चेंडू त्याच्याकडे आला होता. सगळ्यांना वाटलं नेहमीसारखा बाहेर मारेल. त्यानं मान वर केली, पुढं पाहिलं आणि डाव्या पायानं, मोज्यावर, असा काही मारला की रेल्वेचा गोली जागेवरून हललाच नाही. गोल! दादाचा गोल! मी वहीसकट मैदानात घुसलो, पंचानं मला कॉलर धरून बाहेर काढलं.

सामना संपला. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. एक शून्य. गोल, फुलबॅक, डाव्या पायानं, बुटाविना. आणि शेऱ्यात लिहिलं, बुटाचा स्टड सुटला, तीनपैकी एक खिळा मिळाला नाही. असे शेरे मी हौसेनं लिहायचो. गार्डनं सही केली. भोंग्याला दहा मिनिटं होती. दादा मोजे न बदलता तसाच चपला घालून गेटकडे पळाला. त्याचा बूट मी सवयीप्रमाणे संध्याकाळी मोच्याकडे टाकला.

दारू भरायच्या विभागात शिरताना आपली पादत्राणं बाहेर काढायची आणि कारखान्याचे बिनखिळ्याचे बूट घालायचे, हा तिथला पहिला धडा. लोखंडाचा तुकडा आत न्यायचा नाही, एक ठिणगी पुरे. दारावर झडती व्हायची. पण त्या दिवशी घोळका एकदम पोचला, पहारेकऱ्यानं खिसे चाचपून सगळ्यांना आत सोडलं. मोज्याची घडी कोण उलगडून बघतो?

गुरुवारी सकाळी ऑफिसात बातमी आली की दादाच्या विभागात जमिनीवर लोखंडी खिळा सापडला. काम थांबवून सगळ्यांना बाहेर रांगेत उभं केलं होतं. दारू भरायच्या पेट्या आत आणणारा मझौली गावचा एक हंगामी मजूर होता, खिळा त्याच्या पायाशी मिळाला. लढाईचे दिवस, घातपाताचा संशय. त्याला सुरक्षा विभागाच्या खोलीबाहेर बसवून ठेवलं होतं. मी कामाच्या निमित्तानं तिकडून गेलो तर तो गुडघ्याला मिठी मारून बसलेला. मला म्हणाला, "भैया, हमें तो पता भी नहीं, कील कहाँ से आई. घर में कोई खबर कर दो." मी मान हलवली आणि चालायला लागलो. तो खिळा कुठला, हे त्या अख्ख्या कारखान्यात मला एकट्याला माहीत होतं, आणि ते मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं.

दुपारी बडेबाबू म्हणाले, सुट्टीत कोण कुठे होतं याची यादी मागतील, वही तयार ठेव. संपलं, मला वाटलं. दादाची नोकरी गेली म्हणजे घर गेलं. वडील नव्हते. माझं हंगामी काम महिन्यागणिक पुढं ढकललं जायचं. संध्याकाळी मी वही पिशवीत घालून घरी आणली. जेवताना माझा पाय पाटावर सारखा हलत होता. दादा म्हणाला, "काहून पाय हलवून राहिला? जेव ना चुपचाप."

सकाळी आईनं आंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवला. मी ते पान वहीतून फाडलं आणि बंबात टाकलं. एवढंच. विचार म्हणून काही केला नाही. मझौलीच्या माणसाचा तर मुळीच नाही. ते पान पटकन जळालंसुद्धा नाही, कोपऱ्यापासून हळूहळू काळं होत गेलं. मी चिमट्यानं ते आत ढकलत राहिलो.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत दादा माझ्या टेबलापाशी आला. "वही दे."

"काहून?"

"दे ना बे. तू त्या दिवशी काहीतरी ओरडला होतास. खिळ्याचंच ना? रात्रभर विचार करून राहिलो. तो मझौलीवाला कालपासून उपाशी बसलाय तिथं. पान घेऊन साहेबाकडे जातो. पंचाची सही आहे, शेरा तू लिहिला असशीलच. मैदानातली गोष्ट आहे, मुद्दाम कोणी केलं नाही, हे त्यांना दिसेल. दोन शब्द बोलतील, सोडून देतील."

ज्या पानानं तो बुडणार असं मला वाटलं होतं, त्याच पानाच्या भरवशावर तो निघाला होता.

त्यानं वही उघडली. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "कुठंय?"

"बंबात."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला. म्हणाला, "अबे, त्यात माझा गोल होता."

मग उठला, आणि पानाशिवायच साहेबाकडे निघाला. मी मागोमाग गेलो. सुरक्षा अधिकारी तोंडानं कडक, पण ऐकून घेणारा माणूस होता. दादानं सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, "दो दिन चुप क्यों रहे? अब मैं कैसे मानूँ? बाकी खिलाड़ी तो तुम्हारे यार हैं." दादानं पंचाला विचारा म्हटलं, तर तो गार्ड गाडी घेऊन सरहद्दीकडे गेलेला, केव्हा परतेल पत्ता नाही. मग साहेबानंच वाट दाखवली. "मैच का रजिस्टर होता है न तुम्हारे क्लब में? उस दिन का लिखा हुआ ले आओ. गलती मान लेंगे, चेतावनी देकर छोड़ देंगे."

मी दारात उभा होतो. आता बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. मीच लिहिलं, मीच जाळलं, एवढी दोन वाक्यं. माझे नेहमी हलणारे पाय त्या वेळी जमिनीला खिळले होते आणि जीभही. दादानं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलत नाही हे त्याला दिसलं.

"उस मैच का कुछ लिखा नहीं गया, साहब," तो म्हणाला.

साहेबानं वही मागवलीच नाही. दादाच्या शब्दावर त्याचा विश्वास बसला. खिळा आणल्याची कबुली हातात होती, ती मैदानातली चूक होती याचा कागद मात्र नव्हता. मझौलीचा मजूर त्याच संध्याकाळी सुटला आणि सोमवारी कामावर आला. दादाचं नाव पंधरा दिवसांत कमी झालं. कायम माणूस, म्हणून निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काढलं, घातपाताचा नाही, एवढी कृपा. तो सिहोऱ्याला एका शाळेत मुलांना खेळ शिकवायला लागला, रोज बसनं जायचा यायचा. परत क्लबाकडून खेळला नाही. मी पुढे कायम झालो आणि पेन्शनपर्यंत त्याच ऑफिसात राहिलो. घरी आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. दादा माझ्याशी पूर्वीसारखाच वागला आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. कधी कधी वाटायचं, याला गदागदा हलवावं आणि म्हणावं, दे ना एकदा शिवी.

माझ्या निवृत्तीनंतर क्लबाच्या लोकांनी इतिहास छापायचं ठरवलं आणि काम अर्थातच माझ्याकडे आलं. जुनी वही पुन्हा घरी आली. मी त्या फाटलेल्या कडेपाशी येऊन थांबायचो, उठायचो, फेरी मारून यायचो, पुन्हा थांबायचो. बडेबाबू वारले होते, तो गार्डही. मनाशी ठरवलं की नियम गेला खड्ड्यात, आता आठवून लिहायचं. एक शून्य. डाव्या पायानं, बुटाविना. सगळं कागदावर लिहिलं आणि दादाला दाखवायला गेलो.

दादानं चष्मा लावून दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा डावा पाय पलंगावरून खाली लोंबत होता, तो थोडा हलला. मग त्यानं कागद दुमडून मला परत दिला.

"छान लिहिलंस. पण नको छापू."

"काहून?"

"मी साहेबाला सांगितलंय ना, लिहिलं नाही म्हणून. तू आता सगळं लिहिलंस तर लोक विचारतील, तेव्हाचं पान कुठं गेलं? काय सांगशील?"

मी कागद आणखी एकदा दुमडून खिशात घातला.

इतिहास छापून आला. दादाच्या नावापुढचा गोलांचा रकाना रिकामा आहे. रेल्वेविरुद्धच्या सामन्यांच्या यादीत पासष्ट सालापुढे लिहिलंय, 'युद्धामुळे सामना होऊ शकला नाही.' ते वाक्य मी लिहिलंय.