दक्षिण टोकाचा दगड

नव्वदच्या दशकात अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून मी भूगर्भशास्त्र शिकवायचो त्या शिरूरच्या कॉलेजात एकच दगड आणला. त्यातला अर्धा तपासणीला पाठवायचा होता, म्हणून, घरोघरी मिक्सर आले तरी दौंड रस्त्यावर अजून पाटे-वरवंटे घडवत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पाथरवटाकडे गेलो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

कुठं फोडायचं ती रेघ मी खडूनं मारून नेली होती. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली, दगडावर पाणी शिंपडलं तशा कोरड्यात न दिसलेल्या फिकट-गडद पट्ट्या उठून आल्या, मग छिन्नीनं टिचक्या मारत त्यांनी कान लावला.

“सर, आपला काळा दगड तापल्या रसावानी वतल्याला हाय, कुठनंबी फोडा. ह्यो दाबल्याला हाय. ह्याच्या पट्ट्या धरूनच फोडाय लागंल.”

एका घावात दोन तुकडे झाले. आत लाल खडे चमकले.

“असला दगड आमच्या आज्याच्या गावाला हाय, आंध्रात, समुद्राकडच्या डोंगरात. कुठनं आणला?”

“बर्फाच्या मुलखातून, आबा. जगाच्या दक्षिण टोकावरून.”

“मग कवातरी ती आन् ही जमीन एकच आसंल,” म्हणत त्यांनी पुढचा पाटा ओढला.

चार महिन्यांनी अहवाल आला. खोल दाबाखाली घडलेला, आंध्राच्या पूर्व घाटाशी जुळणारा खडक.

तेव्हापासून कुठल्याही दगडावर खडू टेकवण्याआधी मी तो ओला करून बघतो.