गोदामाची सावली येईपर्यंत

लहानू,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. निरोप आला की तू आधी "किती वाजता उचलणार?" विचारतोस, म्हणून सांगून टाकलं. हे मैनाकडून वाचून घे. तिला माझं अक्षर लागतं. मधेमधे तिने नवऱ्याला टोमणे मारले तर मारू दे.

लग्नाच्या मांडववाल्याचं नाव गावभर होतं. मयताच्या दारात सावली बांधणाऱ्याचं कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात पूर्ण्यापासून खारबावपर्यंत कुठेही माणूस गेलं की तुझा टेम्पो नातेवाइकांच्या आधी पोचतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तू नेमकं काय करतोस, ते मलाही वीस वर्षं कळलं नव्हतं. मीही फक्त टेम्पो बघून "अरे, कोण गेलं?" एवढंच म्हणायची.

गेल्या मे महिन्यात सकाळी सहाला आमचे हे गेले. चहा अर्धा टाकून. दिशा बंगलोरला. फोनवर तिने एकच वाक्य म्हटलं, "आई, मी बाबांना बघेपर्यंत उचलू नका." आता उचलू नका म्हणजे ठेवायचं कुठे? आणलेली शवपेटी विजेवर चालणारी, आणि वीज सकाळपासून गुल. घरात वरचा स्लॅब तापून भट्टी झालेली. अंगणात निदान थोडा वारा होता, म्हणून ह्यांना अंगणात ठेवलं, बाजूने बर्फाच्या लाद्या. माझा पुतण्या मनोज घड्याळाकडे बघत म्हणाला, "काकी, ऊन बघ. बाराच्या आत उरकू या."

तेवढ्यात तू आलास. हात जोडले नाहीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. आभाळाकडे बघितलंस आणि तुझा तो प्रश्न विचारलास. मी खेकसले, "तुला काय करायचंय?"

"मना टाइम सांगा, बाई. टाइमावर बांधायचं ठरतं."

"मुलगी येईपर्यंत."

"म्हंजे चार."

"तिचं विमान एकला उतरतंय!"

"विमान उतरंल. पुढं मानकोलीचा जाम हाय ना."

बरोबर निघालास, मेल्या.

तू खड्डे खणले नाहीस. सिमेंट ओतलेल्या तेलाच्या डब्यांत रोवलेले चार बांबू उभे केलेस. मैना डबे ओढताना बोललीच, "लग्नात खड्डे खनतो, मयताला न्हाय. घरातला मानूस गेला, आजून जमीन कशाला फोडायची, बोलतो. पन डबे उचलायला मी!" वर ताडपत्री, तिच्याखाली हातभर जागा सोडून पांढरं सुती कापड. नुसती ताडपत्री बांधली तर खाली माणूस शिजतं. मधल्या जागेतून झळ निघून जाते. हे तू मला विचारल्याशिवाय सांगितलं नाहीस, आणि मीही त्या दिवशी काय काय विचारत बसले होते! पण त्याने माझं डोकं ठिकाणावर राहिलं.

मग दर अर्ध्या तासाने तू बांबू सरकवत राहिलास. ऊन पुढे, तू त्याच्या मागे. ह्यांच्या चेहऱ्यावर एक कवडसा पडू दिला नाहीस. मनोज वैतागला, "लहानूदादा, मयताला काय ऊन लागतंय का?"

"त्याला न्हाय लागत. बगनाऱ्याला लागतं."

तुझ्या बापाचं मैनाने मला तेव्हाच हळूच सांगितलं. मे महिन्यातच शेतावर गेला. तू एकोणीस वर्षांचा, कापडाच्या लूमवरची शिफ्ट सोडून धावत आलास, तर उघड्या अंगणात पांढरी चादर उन्हाने अशी पेटलेली की तुला डोळे उघडेनात. "आजूनबी विचारा, बापाचं तोंड शेवटाला कसं हुतं, ह्याला सांगता येत न्हाय."

"मैने, दोरी धर," तू म्हणालास.

साडेबाराला सूर्य डोक्यावर आला. आमच्याकडे मेच्या मध्याला तो अगदी डोक्यावर असतो, वस्तूची सावली वस्तूखाली गडप होते. चौतीस वर्षं मी हे फळ्यावर काढून दाखवलं. मे महिन्यात शाळा बंद, अंगणात दाखवणार कसं? अंगणाच्या पश्चिमेला ते चाळीस फुटी गोदाम, माझा वारा अडवतं म्हणून अकरा वर्षं मी शिव्या घालतेय, त्याचीही सावली तेव्हा वीतभर नव्हती. बर्फ निम्मा वितळला होता. मनोज म्हणाला, "काकी, आता बास." सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझंही मन डळमळलं, खोटं कशाला बोलू.

तू बांबूवरून म्हणालास, "बाई, साडेतीनला गोदामाची सावली ह्यांच्या पायांपाशी येल. तवर मी हाय."

मी मनोजला सांगितलं, "आणखी बर्फ आण आणि गप्प बस."

दोनला वावटळ उठली. ताडपत्री उडाली आणि कापड मधोमध फाटलं. ऊन थेट ह्यांच्या कपाळावर. तू स्टुलावर चढलास आणि दोन्ही हात वर करून त्या भोकाखाली आपला गमछा ताणून धरलास. मनोजच धावला, ताडपत्री पकडायला. मैना दुसऱ्या स्टुलावर उभी राहून ठिगळ टाचत होती. वीस मिनिटं. तुझा घाम स्टुलावर टपकत होता. मयताच्या घरचं पाणी तू पीत नाहीस म्हणे. मी ओरडले, "पी मुकाट्याने, नाहीतर आज दोघांना उचलावं लागेल!" प्यायलास. मीच धरला तांब्या.

साडेतीनला सावली पायांपाशी आली. मग गुडघे, मग छाती, मग हनुवटी. चेहरा सावलीत आला तसं तू कापड सोडलंस. "आता नको. ताईला उजेडात बगू द्या."

चार वाजून दहा मिनिटांनी दिशा आली. बाबांच्या उशाशी बसली. डोळे न मिटता, कपाळावर हात आडवा न धरता, कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, भुवई तशीच वर आहे गं बाबांची."

तू तेव्हा टेम्पोत बांबू भरत होतास, पाठ करून.

जाताना म्हणालास, कापड उन्हाने खाल्लं. बाजारातल्या पॉलिस्टरला तू हात लावत नाहीस, आणि एकट्याला थोडं सुती कापड लूमवाले देत नाहीत. मी रुबाबात म्हटलं, माझी विद्यार्थिनी करिष्मा, तिचे भिवंडीत लूम आहेत. तेरावं होऊ दे, सोमवारी दोघं जाऊ, मी निवडून देते. तू विचारलंस, "नक्की ना, बाई?" तर मी चिडले होते.

तेरावं झालं. पाऊस लागला, मग दिवाळी, मग माझे गुडघे. फेब्रुवारीत तू टेम्पो थांबवून विचारलंस, "बाई, जायाचं ना?" मी म्हटलं, "जरा ऊन उतरू दे." फेब्रुवारीत!

गेल्या आठवड्यात राहीबाईकडे मयत झालं, तिच्या दारात तू बांधत होतास आणि मी खाली बसले होते. वर मैनाचं ठिगळ दिसत होतं, शेजारी आणखी दोन. ह्या खेपेला तू "जायाचं ना?" विचारलं नाहीस.

आज पुन्हा सोमवार आहे. कापडासाठी करिष्माला मी अजून फोन केलेला नाही.