प्लास्टिकवरचा शिक्का

धंतोलीतल्या औषधांच्या दुकानात गुंजनताईंचा अठरा वर्षांचा नेम होता: झोपेच्या गोळ्या दिल्या की चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायचा, म्हणजे तीच चिठ्ठी कोणी पुन्हा चालवणार नाही.

आज नेहमीचे गिऱ्हाईक बाबाराव आठ दिवसांपूर्वीचीच लॅमिनेट केलेली चिठ्ठी घेऊन आले. तेव्हा ताईंनी प्लास्टिकवरच मारलेला शिक्का बोटाने पुसलेला दिसला, तशा ताई भडकल्या.

"काका, हे काहून केलं? महिन्याच्या गोळ्या आठ दिवसांत संपल्या कशा?"

"घरी सगळेच घेतात वं. सुनेले अर्धी देतो. नातवाची परीक्षा आहे, त्याले झोप येत नव्हती. काल रात्री त्याले तीन दिल्या."

"मग?"

"मस्त झोपला! आत्ता घरून निघताना हलवून पाहिलं, तरी उठला नाही."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते.