मागची दाढ

दाताच्या डॉक्टरांनी हिरडीला लवंगतेल लावलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या मला आमची नाशिकरोडची खोली दिसली. साल पंचाहत्तरच्या आसपासचं. ताईने माझा खालचा पुढचा दात दोऱ्याने ओढून काढला होता आणि त्या जागी लवंग दाबून धरली होती. दात जेमतेम हलत होता. "उद्या शाळेत तोंड मोठं उघड," ती म्हणाली.

आमच्या वस्तीत जन्मतारखा कोणाला ठाऊक नसत. शाळेच्या मोठ्या बाई दात बघून वय ठरवत आणि सहा पूर्ण वाटलं की पहिलीत घेत.

"सहाची हाय, बाई," आई म्हणाली. तिला कांद्याच्या खळ्यावर जायची घाई होती.

बाईंनी दाताची रिकामी जागा पाहिली. मग त्यांचं खडूच्या वासाचं बोट थेट मागे गेलं. "सहाव्या वर्षी येणारी मागची दाढ नाही आली अजून," त्या पुटपुटल्या आणि दाराशी उभ्या ताईकडे बघत राहिल्या. ताई आठ वर्षांची, तरी शाळेबाहेरच.

"ही घरी राहिली तर हिला कोण सांभाळणार गं?"

"मीच," ताई खाली मान घालून म्हणाली.

बाई आईकडे वळल्या. "दोघींना पहिलीत पाठवा. वय बसतंय."

कितीतरी वर्षं मला वाटायचं, ताईने तो दात माझ्यासाठी पाडला. ती दाढ मला पुढच्या पावसाळ्यात आली. तोवर ताई आईला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवू लागली होती.