पेटीची गाठ

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत छिंदवाड्याला अस्सल मार्कशिटा आणि टीसी दाखवायची, नाही तर जागा दुसऱ्या मुलीची. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली. मी तिला सेकंडहँड स्कूटरवर बसवून पांढुर्ण्याहून निघालो. सौंसर मागे पडलं आणि रामाकोन्याच्या अलीकडे मला टेकडी दिसली.

"शिताफळं पिकली असतीन. अर्ध्या तासात येऊ."

"दादा, माही फाइल?"

"डिक्कीत हाये. कुलूप लावतो ना!"

टेकडीखाली मोहाच्या झाडाशी सायकली, दोन मोपेडी उभ्या होत्या. तिथून डबे, पंप, पाने-पक्कड चोरीला जातात हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. म्हणून जाणते लोक डिक्की सताड उघडी टाकून वर जात. म्हणजे चोराला सांगणं, पाहून घे बापा, काही नाही. शिताफळं विकणारी म्हातारी मला तेच समजावत होती.

"उघडी ठेव ना, बाबू. कुलूप पाह्यलं का त्याले वाटते आत काही हाये."

"आजी, हे अलीगढचं कुलूप हाये."

"मंग तं लयच काही हाये."

मी हसलो. नवे बूट खडकावर घासतील म्हणून तेही काढून डिक्कीत ठेवले, तिथल्या जुन्या चपला घातल्या आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

वर पोचलो आणि माझी बडबड बंद पडली. खाली संत्र्याचे काळेभोर बगीचे, मध्ये फुटलेल्या कापसाचे पांढरे तुकडे, नदीचं एक वळण, आणि त्या सगळ्यातून छोट्या लाइनची गाडी मुंगळ्यासारखी चाललेली. मी इतकी वर्षं त्या गाडीत बसून शेंगा खाल्ल्या होत्या. ती कुठून जाते, हे आज पाहत होतो. बहीणही फाइल विसरून उभी राहिली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले.

उतरलो तर डिक्की आ वासून. कुलूप मातीत. बूट नाहीत, फाइल नाही. बहीण मटकन खाली बसली.

मग सीटवर लक्ष गेलं. फाइल तिथं होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक चपटा दगड. मी धावत जाऊन उचलली, कागद चाचपले, सगळे होते. फाइलची नाडी मी सकाळी कशीबशी गुंडाळली होती. मला बुटाचीसुद्धा गाठ धड येत नाही. आता तिला दोन वेढे आणि आत खोचलेली घट्ट गाठ होती.

रस्त्यावर मोटार थांबली म्हणून म्हातारी टोपली घेऊन तिकडे गेली होती. परत येऊन तिनं गाठीवरून बोट फिरवलं.

"हे तं संत्र्याच्या पेटीची गाठ."

"कोनाची?"

"या गावात कोनाले नाही येत ते?" म्हणत ती शिताफळांकडे वळली.

मला बुटांचा राग यायला हवा होता. येईना. चोरानं फाइल उघडली असेल, वेणी पुढे घेतलेला बहिणीचा फोटो पाहिला असेल, मग बसून फाइल पुन्हा बांधली असेल, कलकत्त्यापर्यंत संत्र्यांचा माल सुखरूप जावा तशी.

"सोडू नको, दादा," बहीण म्हणाली. "राहू दे तशीच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाबूनं गाठीला नखं लावली, दात लावले, शेवटी ब्लेड मागितलं. बहिणीनं फाइल ओढून घेतली आणि खोचलेलं टोक हळूच मागे सरकवून गाठ सोडली. कागद एकेक टेबलावर आले. शिक्का बसला.

"गाँठ किसने बाँधी है?" बाबूनं कौतुकानं विचारलं.

"मेरे भैया ने," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मी चपलांत उभा होतो. नाही म्हणालो नाही.